‘मांय-दे-सांतो’ला इंग्रजीत काय म्हणावं?

तुम्ही विचारलंय की ब्राझीलच्या साल्वादोर शहरातल्या कांदोंब्ले या आफ्रिकी मुळांच्या धर्मावरच्या पोर्तुगीज माहितीपटाला इंग्रजी सबटायटल्स द्यायची आहेत, तर ‘मांय-दे-सांतो’ या, पूजास्थानाच्या प्रमुख स्त्रीच्या पदवीसाठी ‘मदर ऑफ सेंट’ लिहावं की ‘प्रीस्टेस’. मी पोर्तुगीजमधून इंग्रजीत भाषांतरं करते. माझ्या मते दोन्ही नको. पदवी मूळ शब्दातच ठेवा आणि ती पहिल्यांदा येते तिथेच तिचं काम वाक्यातून कळू द्या.

‘मदर ऑफ सेंट’ वाचणाऱ्याला वाटणार की ही कुणा संताची आई. प्रत्यक्षात या नावामागे ‘इयालोरिशा’ ही योरुबा या पश्चिम आफ्रिकी भाषेतली पदवी आहे. ‘इया’ म्हणजे आई, ‘ओरिशा’ म्हणजे देवता. जिच्याकडे ओरिशाची सेवा आणि भक्तांची दीक्षा सोपवलेली आहे, अशी ही आई. ब्राझीलमध्ये ओरिशांची कॅथलिक संतांशी सांगड घातली गेली, इयांसां या ओरिशाला सांता बार्बारा ही संत मानलं गेलं, आणि बोलण्यात ओरिशाला ‘सांतो’ म्हणायची रीत पडली. पुढे 1983 साली मांय स्तेला दे ओशॉसी, मांय मेनिनिन्या अशा साल्वादोरच्या नामवंत इयालोरिशांनी ही सरमिसळ जाहीरपणे नाकारली. आपला धर्म स्वतंत्र आहे, त्याला संतांच्या आडोशाची गरज नाही, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्या तोंडी इंग्रजीत ‘सेंट’ घालणं मला म्हणूनच पटत नाही. रोजच्या बोलण्यात ‘सांतो’ अजून आहेच. कुणी ‘फिज सांतो’ म्हणालं, तर तिथे सरळ ‘मी दीक्षा घेतली’ या अर्थाचं वाक्य लिहा.

‘प्रीस्टेस’ने वेगळं नुकसान होतं. कांदोंब्लेचं तेरेइरो, म्हणजे पूजास्थान, नात्यांवर उभं असतं. दीक्षा देणारी आई, घेणारे तिचे ‘फिल्यो-दे-सांतो’ म्हणजे मुलं, एकाच घरात दीक्षा घेतलेले एकमेकांचे भावंडं. नवदीक्षित तो ‘इयाओ’. योरुबात या शब्दाचा अर्थ पत्नी, पण इथे पुरुषालाही इयाओच म्हणतात, त्यामुळे ‘ब्राइड’ लिहून चालणार नाही. सात वर्षांनंतरचा विधी पार पडला की तो ‘एबोमी’ होतो, म्हणजे मूळ अर्थाने ‘माझं थोरलं भावंड’. आपल्याकडचे गुरव, भगत, वाघ्या, पोतराज, गोंधळी या सगळ्यांना एकजात ‘प्रीस्ट’ करून टाकलं तर मागे काय उरेल? इथेही तेच होतं.

सर्वांत जास्त घोळ ‘ओगां’ आणि ‘एकेजी’ यांचा होतो. दोघांच्याही अंगात ओरिशा येत नाही, आणि तेच त्यांचं वेगळेपण. एकेजी ही स्त्री. ओरिशा अंगात आलेल्या भक्ताला ती सांभाळते, घाम पुसते, पोशाख चढवते. तिला ‘असिस्टंट’ म्हणणं हा तिचा अपमान आहे, कारण तेरेइरोत तिलाही आईचाच मान असतो. ओगां हा पुरुष. त्याला सरसकट ‘ड्रमर’ म्हणू नका. वादनाची जबाबदारी ‘आलाबे’ या ओगांची, बळी देण्याची ‘आशोगुन’ची. पोलिसांचे छापे पडत त्या काळात समाजात वजन असलेल्या माणसांनाही ओगां करून घेत, कारण तेरेइरोला पाठीराखे लागत. साल्वादोर ज्या राज्यात आहे त्या बाहियात तेरेइरोंना पोलिसांकडे नोंदणी करावी लागण्याची सक्ती 1976 साली उठली, यावरून काळाची कल्पना येईल.

सबटायटलच्या ओळीत साधारण चाळीस अक्षरं मावतात, तिथे टीप देता येत नाही. म्हणून पहिल्यांदा ‘आमची इयालोरिशा, या घराची प्रमुख’ असं लिहा, पुढे नुसतं ‘इयालोरिशा’. बोलणारा ‘मांय-दे-सांतो’ म्हणत असेल तर तेच ठेवा, त्याच्या जागी भारदस्त शब्द घालू नका. नावाआधीचं ‘मांय’ही तसंच राहू द्या. ‘मदर स्तेला’ केलंत की डोळ्यांपुढे ख्रिस्ती नन उभी राहते. क्यूबातल्या परंपरेचा ‘सांतेरा’ हा शब्द इंग्रजी वाचकाला ओळखीचा आहे म्हणून तो उचलण्याचा मोह होईल. तो टाळा.

माहितीपटात कुणी विरोधक ‘माकुंबेइरो’ (साधारण ‘जादूटोणा करणारा’) म्हणत असेल तर मात्र सौम्य करू नका. ती शिवी आहे आणि ती शिवी म्हणूनच ऐकू आली पाहिजे. साल्वादोरच्या मांय जिल्दा यांचा फोटो 1999 साली एका वृत्तपत्राने याच शब्दासोबत भोंदूगिरीच्या मथळ्याखाली छापला. त्यानंतर त्यांच्यावर आणि तेरेइरोवर हल्ले झाले, आणि 21 जानेवारी 2000 रोजी त्या गेल्या. ब्राझीलमध्ये हाच दिवस 2007 च्या कायद्याने धार्मिक असहिष्णुतेविरोधी दिन ठरला. हे माहीत असलं की त्या एका शब्दाचं भाषांतर घाईने होत नाही.

आणखी एक. कांदोंब्लेत वेगवेगळ्या परंपरा आहेत, आणि वर सांगितलेले शब्द त्यांपैकी केतू परंपरेतले आहेत. तेरेइरो अंगोला परंपरेचं असेल तर देवता ‘इंकीसी’, प्रमुख स्त्री ‘मामेतो’ आणि पुरुष ‘ताता’. जेजे परंपरेत देवतांना ‘वोदुन’ म्हणतात. तुमच्या माहितीपटातलं तेरेइरो कोणत्या परंपरेचं आहे ते कळवलंत, तर बाकीच्या पदव्यांबद्दलही नेमकं लिहिते.