आजीची अर्धी राहिलेली गोधडी

प्रश्न : माझी आजी, म्हणजे आईची आई, गेल्या वर्षी वयाच्या ८४व्या वर्षी गेली. वाईजवळच्या आमच्या गावात ती जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची, जात्यावरच्या ओव्या म्हणायची आणि १९९०च्या सुमारास संध्याकाळच्या साक्षरता वर्गात बायकांना विनामूल्य शिकवायची. वर्षश्राद्धाला तिच्याविषयी छोटी पुस्तिका काढावी असे आम्हा नातवंडांना वाटते, पण लिहायला बसलो की ‘प्रेमळ, कष्टाळू, परोपकारी’ यापुढे लेखणी सरकत नाही. तिची शेवटची गोधडी अर्धी राहिली आहे. तिचे तुकडे करून पाचही नातवंडांनी एकेक ठेवावा, असे मामा म्हणतात. आपले मत कळवावे.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी गोधडीविषयी लिहितो, कारण तो निर्णय एकदा अमलात आला की मागे घेता येणार नाही. मामांची भावना मी समजू शकतो, तरीही तुकडे करू नका. गोधडीतले जुन्या कापडाचे थर केवळ धावदोऱ्याने एकमेकांना धरून असतात. कात्री लागली की तो दोरा जागोजागी तुटतो, टाके उसवू लागतात आणि काही वर्षांत प्रत्येकाच्या हाती चिंध्या उरतात. तिच्यात सुई अडकलेली असेल तर ती आजच काढून ठेवा, कारण गंजाचा डाग सहसा जात नाही. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी धुतलेल्या सुती कापडात ती गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला, म्हणजे एकाच रेषेवर कापड विरणार नाही.

त्यानंतर ती गोधडी पूर्ण करा. असे सुचवताना मला संकोच वाटत नाही, कारण गोधडी शिवायला शेजारणी एकत्र बसत आणि विरलेल्या गोधडीवर लेकी-सुना पुन्हा नवे कापड चढवत; तिला दुसरा हात लागणे हा तिच्या स्वभावाचाच भाग आहे. मात्र आधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या आणि पुढचे टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घाला, म्हणजे आजींचा हात कोठे थांबला ते कायम दिसत राहील. शिवायला बोलवा ते त्यांच्या वर्गात अक्षर गिरवलेल्या बायकांना.

पुस्तिकेचा मजकूरही तुम्हाला त्या बैठकीतच मिळेल. राष्ट्रीय साक्षरता अभियान १९८८ मध्ये सुरू झाले, १९९० हे आंतरराष्ट्रीय साक्षरता वर्ष होते, आणि त्या काळात गावोगावच्या स्वयंसेवकांनी असे वर्ग चालवले. तुमच्या गावातला वर्ग कोणाच्या ओसरीवर भरत असे, वीज गेली तर काय करत, शेतावरून दमून आलेली बाई पेंगू लागली तर आजी तिला काय म्हणत, अंगठ्याऐवजी पहिली सही कोणी कोणत्या कागदावर केली, हे विचारा. अशी एक आठवण सांगणाऱ्या बाईच्याच शब्दांत उतरली, तर ‘प्रेमळ’ हे विशेषण तुम्हाला लिहावेसुद्धा लागणार नाही.

ओव्या मात्र ‘सांगा पाहू’ म्हणून विचारल्या तर सहसा येत नाहीत. हात कामात असले की त्या आपोआप ओठांवर येतात. म्हणून फोनवरचे ध्वनिमुद्रण सर्वांना सांगून, परवानगी घेऊन सुरू ठेवा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यासाठी पुण्यातून सुरू केलेल्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि आज ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावानिशी वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. तुम्हीही तीच शिस्त पाळा आणि बोलीतले शब्द ‘शुद्ध’ करू नका. ओव्या मुखोमुखी फिरत आलेल्या असतात, त्यामुळे सरसकट ‘आजींनी रचलेल्या’ असे न छापता ‘आजींच्या मुखातल्या’ असे छापणे प्रामाणिक ठरेल. ज्या ओवीत त्यांनी तुमच्या आईचे किंवा मामांचे नाव गुंफले असेल, तिला मात्र पुस्तिकेत स्वतंत्र पान द्या.