स्टेरॉइड सायकलच्या सहाव्या आठवड्यात बीपी १५२/९६: पाणी धरलंय एवढंच नाही

तू लिहिलंस की टेस्ट (टेस्टोस्टेरॉन) आणि डायनाबॉल या स्टेरॉइडची सायकल, म्हणजे ठरावीक आठवड्यांचा कोर्स, सुरू करून सहा आठवडे झाले, मेडिकलमध्ये सहज बीपी मोजलं तर १५२/९६ निघालं, आणि जिममधले सीनियर म्हणतात, 'पाणी धरलंय, सायकल संपली की उतरेल.'

त्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. स्टेरॉइडमुळे मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि मिठामागून पाणी येतं. माझंही तेच झालं होतं. रात्री मोजे काढले की घोट्यावर इलॅस्टिकचा खोल वळ असायचा, झोपेपर्यंत जायचा नाही. मी त्याला स्नायूंचा साइज समजत होतो.

पण लाल पेशीही वाढतात, रक्त दाट होतं. रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या सैलावत नाहीत. या सगळ्याविरुद्ध जोर लावून लावून हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. २०१७ साली अमेरिकेत १४० वेटलिफ्टर पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, स्टेरॉइड घेणाऱ्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डावा कप्पा आतलं किती रक्त बाहेर ढकलतो ते) सरासरी ५२ टक्के, न घेणाऱ्यांचं ६३. सायकल संपल्यावर बीपी बऱ्याच जणांचं उतरतं, हे खरं. पण एकामागून एक सायकल लावलीस तर हृदयाला सावरायला वेळ मिळणार कधी?

आधी नीट मोज. दंडाचा घेर ३५ सेंटीमीटरच्या वर असेल तर मेडिकलमधला साधा पट्टा छोटा पडतो आणि आकडा जास्त दाखवतो. मोठा पट्टा घे, पाच मिनिटं शांत बस, प्री-वर्कआउट (व्यायामाआधीची उत्तेजक पावडर) घेऊन मोजू नकोस. आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिही. डोकं दुखत नाही म्हणून बीपी ठीक आहे असं धरून चालू नकोस, वाढलेलं बीपी बहुतेक वेळा जाणवतच नाही. कधी १८०/१२० च्या पुढे गेलं आणि छातीत दुखलं, धाप लागली किंवा नजर धूसर झाली, तर थांबू नकोस, लगेच १०८ लाव.

सीनियरनी बीपीसाठी अॅम्लोडिपिनची गोळी देऊ केली तर ती घेऊ नकोस. तिच्यानेही पाय सुजतात, मग सूज कशाची हेच कळत नाही.

या आठवड्यातच फिजिशियनकडे जा आणि खरं सांग. मी 'फक्त प्रोटीन घेतो' म्हणालो होतो. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला, खळगा तसाच राहिला, आणि माझ्या त्या एका खोट्यापायी तीन महिने भलत्याच तपासण्यांत गेले. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिपिड (कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), लिव्हर आणि इको यांबद्दल विचार. माझं स्पष्ट मत, सायकल इथेच थांबव. पण बंद केल्यावर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन परत यायला महिने लागू शकतात, मन फार खचतं, म्हणून हेही त्यांच्या कानावर घाल. जाताना इंजेक्शनच्या व्हायल (बाटल्या) आणि गोळ्यांची पाकिटं सोबत ने.