कमी पैशांत परदेश फिरताना तिथल्या माणसांचा खरंच लळा लागतो, की तो नुसता स्वस्ताईचा गोडवा?

लागतो. स्वस्तात फिरलात तर जरा जास्तच, कारण हॉटेलात दार लावून बसायची सोय नसते.

मी औसा तालुक्यातला. आपल्याकडच्या माणसाला परवडणारा परदेश म्हणजे नेपाळ. मनमाडहून गोरखपूरपर्यंत स्लीपर, पुढे बसने सोनौली आणि सीमा पायी ओलांडायची. व्हिसा लागत नाही, आपल्या १०० रुपयांचे तिकडे १६० होतात.

पोखरा या पर्यटकांच्या शहरात ओळखी झाल्या, पण गिऱ्हाइकाच्या. जीव जडला तो बारपाकला. गोरखा जिल्ह्यातलं डोंगरावरचं हे गाव, २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाचं केंद्र तिथलंच. गावात होमस्टे आहेत. घरातलीच एक खोली मिळते आणि जेवण चुलीपाशी, घरच्यांच्या पंगतीला.

घरातले बाबा भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे हिंदीत जमलं. गाव कुठलं म्हणाले, मी किल्लारीकडचा म्हणालो. त्यांनी नाव ऐकलं नव्हतं. मग आमच्याकडच्या भूकंपाची, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगितली. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि दगडमातीच्या भिंती, वरची माळवदं अंगावर आली. बाबा म्हणाले, "आमच्याकडं शनिवार होता, शाळेला सुट्टी. दुपारचे बारा वाजत आलेले, बरीच माणसं शेतात. म्हणून वाचली." घरं मात्र त्यांचीही दगडमातीचीच होती.

मग आमांचे, म्हणजे घरातल्या आईंचे, प्रश्न सुरू झाले, बाबा हिंदी करून सांगत होते. पत्र्याच्या शेडात किती दिवस काढले? नवं गाव लांब वसवलं, तर शेजार तोच राहिला का? रात्री भांडं पडलं तर तुमची आजी उठून बसायची का? बसायची. पण हे तिला आजवर पुण्या-मुंबईच्या कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मला कुणी पाहुण्यासारखं वागवलं नाही. मकई सोलायला बसवलं. मी नेलेली शेंगदाण्याची चटणी शेजारपाजारी फिरून आली. ढिंडो म्हणजे नाचणीच्या नाहीतर मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. भाकरीवर वाढलेल्याला तो जड जात नाही.

स्वस्ताईबद्दलची तुमची शंका अगदीच चुकीची नाही. ते पैसे घेतात, घ्यायलाच हवेत, घर त्यावर चालतं. पण "घरच्यासारखं झालंय, मग पैसे कसले?" म्हणत घासाघीस करणारे आपले लोक पाहिले की चीड येते. ठरलेला दर द्या, जास्तीच्या चहाचेही द्या. हिशेब चोख असला की गप्पांत संकोच राहत नाही.

आणि एका रात्रीत काही होत नसतं. गावं कमी करा, मुक्काम वाढवा.

परतल्यावर टिकतं का, तर सगळ्यांशी नाही. बाबांचा दसऱ्याला फोन येतो. मुलगा कतारला कामाला असल्यामुळे सणाला घर रिकामं वाटतं म्हणतात, मग बराच वेळ बोलतात. जायचं असेल तर दसरा-दिवाळीच्या सुमारास जा, पावसाळ्यात वरच्या रस्त्यावर दरडी येतात.