बोर्डाने 'सेवेशी संबंध नाही' लिहिलं, पुढे काय?

ताई, तुमचे बाबा 2003 साली पूर्ण सेवा करून लष्करातून हवालदार म्हणून रिटायर झाले, निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने बीपीसाठी 30 टक्के अपंगत्व लावलं, पण 'आजाराचा सेवेशी संबंध नाही' असा शेरा मारला आणि डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली गेली. आता संबंध सिद्ध करायला कोणत्या हार्ट स्पेशालिस्टचं सर्टिफिकेट आणू, असं विचारताय. कोणाचंच नको. आजचा डॉक्टर तेव्हाचं काय सांगणार? त्यात पैसे घालवू नका.

केस उभी राहते ती भरतीच्या मेडिकलवर. तेव्हा बाबा फिट होते आणि बीपीची नोंद नव्हती, तर आजार नोकरीत जडला असंच धरायचं. तसं नाही हे दाखवायचं काम सरकारचं. सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग खटल्यात 2013 मध्ये लष्करी पेन्शनच्या 1982च्या नियमांवर बोट ठेवून हेच सांगितलं. त्या जवानाला आकडी यायची, अपंगत्व 20 टक्के. बोर्डाने कारण न देताच संबंध नाकारला होता. त्याला पेन्शन मिळाली.

म्हणून आधी रेकॉर्ड ऑफिसकडून बोर्डाच्या प्रोसीडिंग्जची पूर्ण प्रत (एएफएमएसएफ-16), भरतीचा मेडिकल फॉर्म आणि पोस्टिंगचा तपशील मागवा. टोलवाटोलवी झाली तर आरटीआय टाका. कागद हातात आले की बोर्डाचं मत लिहिलेलं पान काढा. तिथे बरेचदा 'आजार पीस स्टेशनला (म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगवर) सुरू झाला' एवढंच खरडलेलं असतं. हे काही कारण झालं नाही. त्याच्या आधी बाबा फील्डला किंवा हाय अल्टिट्यूडला होते का, हे तारखा लावून बघा. तिकडून खाली आल्यावर थोड्याच दिवसांत बीपी निघालं असेल, तर तो मुद्दा अर्जात सगळ्यात वर घ्या. आणि हो, कागदात जास्त वजन किंवा दारू-सिगारेटची नोंद असेल तर वकिलाला आधीच सांगा. समोरचा वकील नेमकी तीच ओळ वाचून दाखवतो.

उशीर झालाय, पण पेन्शन दर महिन्याची बाब असल्याने सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ अशी प्रकरणं ऐकतं. थकबाकी मात्र सहसा अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते, तेव्हा आता रेंगाळू नका. सुप्रीम कोर्टाच्या राम अवतार निकालाप्रमाणे (2014) 30 टक्क्यांऐवजी 50 टक्के अपंगत्व धरावं, ही मागणी अर्जात आहे ना, ते सही करण्याआधी स्वतः वाचा.

हे उत्तर गावातल्या नव्याने रिटायर झालेल्यांना जसंच्या तसं फॉरवर्ड करू नका. 2008 मध्ये ते 1982चे नियम बदलले, आणि 21 सप्टेंबर 2023 पासून पुन्हा नवे आलेत.