वाचायला बसला की हात घामाने ओले

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे, मराठी मीडियम. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो पण मोठ्याने वाच म्हटलं की तळहात इतके ओले होतात की पानाच्या कडेला अंगठ्याचा डाग पडतो, मग पोटात दुखतं, दोन ओळींत तीनदा पाणी प्यायला उठतो. डोळे तपासले, नंबर नाही. सासूबाई म्हणतात नाटकं करतो. काय करू?

उत्तर : ताई, हे नाटक नाहीये, आधी सासूबाईंना तेवढं नीट समजावून सांगा. तळहाताला घाम मुद्दाम आणता येत नाही हो. आपण चुकणार, सगळे हसणार अशी भीती बसली की अ‍ॅड्रिनलिन, म्हणजे घाबरल्यावर शरीरात सुटणारं रसायन, वाढतं, छाती धडधडते, पोटात गोळा येतो, आपलं परीक्षेच्या दिवशी व्हायचं ते याचं रोज संध्याकाळी होतंय.

आणि लक्ष नाही असंही म्हणू नका. सगळं लक्ष अक्षरं जुळवण्यातच संपतं, अर्थासाठी काही उरतच नाही. 'विद्यार्थी' हा एकच शब्द बघा, वेलांटी आधी दिसते पण म्हणायची 'व'च्या नंतर, द आणि य एकमेकांना चिकटलेले, रफार थी च्या डोक्यावर पण उच्चार त्याच्या आधी. आपल्याला हे जाणवतही नाही, त्याला दरवेळी नव्याने सोडवावं लागतं. डोक्यावरचा असा ताण शरीरात मोजतासुद्धा येतो, १९६६ साली काहनेमन आणि बिटी या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आकडे लक्षात ठेवायला दिले तर जसजसे आकडे वाढले तसतशी डोळ्यातली बाहुली मोठी होत गेली.

पण नुसत्या घामावरून डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षरं वाचणं जड जाणं, ठरत नाही. रीतसर तपासणी करून घ्या, मुंबईच्या जवळ असाल तर सायन हॉस्पिटलमध्ये लर्निंग डिसॅबिलिटी क्लिनिक आहे. काही मुलांना सोबत एडीएचडीही असतं, म्हणजे लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ होते, तेही बघायला सांगा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण धरलेली आहे, सर्टिफिकेट मिळालं तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, त्यात कमीपणा अजिबात मानू नका.

तोवर पाहुण्यांसमोर वाचायला लावणं आजपासून बंद. रोज दहाच मिनिटं, त्याच्या शेजारी बसून, ओळीखाली बोट धरून तुम्ही दोघं एकदम वाचा, अडला की शब्द लगेच सांगून टाका, थांबून परीक्षा घेऊ नका, आणि पाण्याची बाटली जवळच ठेवा.