र्‍हेटचं कोडं सुटायलाच हवं होतं का?

ठाणे

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

वाशीहून पाठवलेलं तुझं पत्र वाचलं. 'गॉन विथ द विंड' या अमेरिकन कादंबरीवर तुझा एवढा जीव, आणि तीच कथा तिच्या नायकाच्या, र्‍हेटच्या बाजूने सांगून पुढे नेणारी 'र्‍हेट बटलर्स पीपल' मात्र तुला कोरडी वाटली. मलाही वाटली. पण तुला स्वतःला असं काही लिहायचं आहे, तेव्हा बिनसलं नेमकं कुठे ते बघ.

मूळ कादंबरीत र्‍हेट दिसतो तो बहुतेक नायिकेच्या, स्कार्लेटच्या नजरेतून. यादवी युद्धात अटलांटा शहरातून पळताना तो तिला वाटेत सोडून सैन्यात जातो. का? तो जे सांगतो त्यातलं खरं किती नि थट्टा किती, कळत नाही. आपण चिडतो आणि त्याच्याकडे आणखी ओढले जातो. डोनाल्ड मॅककेगने २००७ मध्ये या नव्या कादंबरीत त्याची जुनी बदनामीसुद्धा धुऊन काढली. उरला एक भला गृहस्थ. शेवटी दोघांना एकत्रही आणलं! मार्गारेट मिचेलने १९३६ साली त्यांना दुरावलेलं ठेवलं आणि १९४९ मध्ये जाईपर्यंत पुढचा भाग लिहिला नाही. तिच्या या ठामपणाचा मला फार आदर वाटतो.

म्हणून जुन्या कथेला हातच लावू नये असं नाही. मिचेलने टारावरचे, म्हणजे स्कार्लेटच्या घरच्या मळ्यावरचे गुलाम मालकांच्या नजरेने रंगवले. अ‍ॅलिस रँडलने २००१ मध्ये 'द विंड डन गॉन' लिहिली ती तिथूनच. तिची निवेदक सिनारा ही मॅमीची, म्हणजे स्कार्लेटला सांभाळणाऱ्या गुलाम दाईची मुलगी, स्कार्लेटची सावत्र बहीण. पुस्तक रोखायला मिचेलचे वारस कोर्टात गेले, इतकं ते झोंबलं. आपल्याकडे खांडेकरांनी 'ययाति'त दासी झालेल्या शर्मिष्ठेला स्वतःच्या तोंडून बोलू दिलं. देवयानीचं ऐकून झाल्यावर तिचं ऐकताना आधीचं सगळं हलतं.

तुझ्या आराखड्यात नायकाचं बालपण, आई, पहिलं प्रेम, सगळं आहे. ते सध्या बाजूला ठेव. तू निवडलेली जुनी कादंबरी पुन्हा वाच. दार कोण उघडतं, पाणी कोण आणून देतं, कुणाच्या वाट्याला एकही वाक्य नाही, ते वहीत टिपत जा. त्यातल्या एकाच्या तोंडून दोनच पानं लिही आणि शनिवारी इथे मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन ये. आपण ती मोठ्याने वाचू.

तुझ्या,
बाई