गाणी ऐकून इंग्लिश येतं का?

प्रश्न : ताई, मी बार्शीची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, शाळा पूर्ण मराठी मीडियम. बारा टेन्सचा तक्ता तोंडपाठ आहे पण बोलायला गेलं की सगळा गोंधळ. मैत्रीण म्हणाली इंग्लिश गाणी ऐक, आपोआप येईल. दोन महिने रोज ऐकतेय, चाली पाठ झाल्या, टेन्स आहेत तिथेच. काय चुकतंय?

उत्तर : अगं, नुसतं ऐकून नाही येत. गाणं थांबवायचं, त्यातलं क्रियापद पकडायचं आणि आपल्या मराठीशेजारी ठेवून बघायचं, खरं शिकणं तिथे होतं.

यू-टू हा आयर्लंडचा बँड, त्यांचं १९८७ चं गाणं आहे, 'आय स्टिल हॅवन्ट फाउंड व्हॉट आयम लुकिंग फॉर'. नुसतं नावच घे. मी जे शोधतोय ते अजून सापडलेलं नाही. शोधणं चालूच आहे म्हणून कंटिन्युअस, आणि आजपर्यंत सापडलेलं नाही म्हणून परफेक्ट, एका ओळीत दोन टेन्स! शिवाय लुक म्हणजे बघणं पण पुढे फॉर लागला की शोधणं, म्हणून वहीत सुटा शब्द लिहू नकोस, जोडीच लिही.

आता आपली नेहमीची चूक. आपण मराठीत बिनधास्त म्हणतो 'मी त्याला काल सांगितलंय', आणि तेच इंग्लिशमध्ये नेतो, 'आय हॅव टोल्ड हिम यस्टरडे'. हे चालत नाही, यस्टरडे आलं की हॅव काढायचं, 'आय टोल्ड हिम यस्टरडे'. बीटल्स या इंग्लंडच्या बँडचं १९६५ चं 'यस्टरडे' ऐक, जेमतेम दोन मिनिटांचं आहे, संथ आहे, कालचं बोलताना साधा पास्ट येतो आणि नाऊ आलं की लगेच प्रेझेंट, तो बदल कानाला कळतो.

तिसरं अमेरिकन गायिका सुझान वेगाचं 'टॉम्स डायनर'. मूळ गाण्यात वाद्यच नाही, नुसता आवाज, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येतो. एक बाई हॉटेलात बसलीये आणि समोर काय चाललंय ते सांगतेय. 'बसलीये' आपल्याला परफेक्टसारखं वाटतं ना, इंग्लिशमध्ये मात्र ते 'आय अॅम सिटिंग'. मला विचारशील तर याच गाण्यापासून सुरुवात कर.

आठवड्याला एकच गाणं घे. आधी शब्द न बघता जेवढं ऐकू येईल तेवढं लिही, मग लिरिक्स काढून ताडून बघ, आणि प्रत्येक क्रियापद घेऊन स्वतःच्या घरातलं, कॉलेजातलं एक वाक्य कर, मोठ्याने बोलून. हे शेवटचं अजिबात टाळू नकोस, तुझे दोन महिने इथेच अडकलेत.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, गाण्यातलं 'गॉना', 'वॉना' पेपरात लिहून येतो. गाणी बंद करू का? (एक पालक, सांगली)

उत्तर : बंद करू नका हो! आपण 'आलोय' बोलतो पण निबंधात 'आलो आहे' लिहितो, तसंच आहे हे. गॉना म्हणजे गोइंग टू, वॉना म्हणजे वॉन्ट टू. बीटल्सच्याच 'तिकिट टू राइड'मध्ये 'शी डोन्ट केअर' आहे, पेपरात 'शी डझन्ट'च लागेल. वहीत दोन रकाने करायला सांगा, एकात गाण्यातलं, दुसऱ्यात पेपरातलं, आणि दुसरा रकाना त्यालाच भरू द्या.